मांडीखाली दाबलेले हात

"मॅडम, तिसरीत गेली तरी बोटांवर मोजते. हिच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?"

आईने हे मुलीच्या देखतच विचारलं. आई पतसंस्थेत कामाला, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी काढून मुलीच्या गणितासाठी माझा सल्ला घ्यायला आलेली. पिशवीत गणिताच्या चार वह्या, त्यांत लाल शाईच्या फुल्या. मुलगी समोरच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. तिला इथे चिमणी म्हणते. घर ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशीलही बदलले आहेत. "डोक्याचं आपण दोघी नंतर बोलू," एवढंच मी आईला सांगितलं.

कारण माझं लक्ष चिमणीच्या हातांकडे गेलं होतं. दोन्ही तळवे तिने मांडीखाली दाबून ठेवले होते. मी खाऊ पुढे केला, तर आधी आईकडे पाहिलं आणि मग एक हात सोडवला. आई म्हणाली, "अभ्यासाला बसली की हात मांडीखाली, असा दिवाळीपासून नियमच केलाय. नाहीतर बोटं सुटतच नाहीत." वहीत उत्तर लिहायला उजवा हात बाहेर काढायचा आणि लिहून झालं की परत आत. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर हे चालायचं आणि शेवट रडण्यात व्हायचा. हल्ली जेवतानाच चिमणीच्या पोटात दुखायला लागलं होतं.

मी तिला तीन संख्या सांगितल्या. पस्तीस, त्रेपन्न, एकोणचाळीस. तिने लिहिलं 53, 35 आणि 14.

आईने कपाळाला हात लावला. पण जरा चिमणीच्या कानाने ऐकून बघा. पस्तीसमध्ये आधी पाच ऐकू येतात, मग तीस. तिने आधी 5 लिहिला, मग 3. त्रेपन्नमध्ये आधी तीन. एकोणचाळीसमध्ये तर आधी 'एक'च, मग चाळीस. तिने जे ऐकलं ते इमानाने, त्याच क्रमाने लिहिलं. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजीत वीसच्या पुढे बोलायचा आणि लिहायचा क्रम एकच, तिथल्या मुलांना ही अडचण येत नाही. त्यात आपली 'एकोण'वाली नावं म्हणजे बोलण्यातच एक वजाबाकी, चाळीसला एक कमी.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं गेलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. मला स्वतःला जुनी नावं सोडवत नाहीत. भाजीवाली त्रेपन्नच म्हणणार, आजीही त्रेपन्नच म्हणणार. म्हणून मी पालकांना दोन्ही जोडून बोलायला सांगते: "त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन." काही मुलं मग 503 लिहितात, त्याला घाबरू नका. जाड कागदावर 50 लिहा, निम्म्या रुंदीच्या तुकड्यावर 3 लिहा, आणि तो तुकडा 50 मधल्या शून्यावर ठेवायला मुलालाच द्या. पन्नास कुठे गेले नाहीत, तीनच्या खाली शून्य झाकला गेला, हे हाताने केल्यावर पटतं.

मग मी कागदावर 38 आणि 25 एकाखाली एक मांडून बेरीज दिली. चिमणीने उत्तर लिहिलं 513. आठ आणि पाच तेरा, तीन आणि दोन पाच.

"अगं, हातचा! हातचा कुठे गेला?" आई न राहवून बोललीच.

चिमणी रडवेली झाली. म्हणाली, "हात काढायचा नाही म्हणालीस ना. मग हातचा कुठे ठेवू?"

आई गप्प झाली. मीही थोडा वेळ काही बोलले नाही. 'हातचा' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यात हात आहे हेच आपण विसरतो. या मुलीने तो शब्दशः घेतला होता, आणि तिचे हात तर आपणच काढून घेतले होते.

मी चिमणीला बाहेर बसलेल्या तिच्या आजीपाशी चित्र काढायला पाठवलं आणि आईला विचारलं, "ताई, बोटांवर मोजण्याची एवढी भीती का वाटते?" बराच वेळ ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग सांगितलं. तिच्या लहानपणी शाळेत बोटं मोजताना दिसली की पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर मारायचे. चौथीपासून गणिताच्या तासाला तिचे हात थंड पडायचे. "माझ्यासारखं हिचं होऊ नये, म्हणून आधीच सवय मोडायला बघत होते." मी विचारलं, "आणि पतसंस्थेत नोटा कशाने मोजता?" तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि तिला रडू आलं.

ही आई वाईट नव्हती. जे तिच्यावर बेतलं त्यापासून ती मुलीला वाचवत होती.

बोटांवर मोजणं हा कमीपणा नाही. दहाचा गठ्ठा डोक्यात बसेपर्यंत लागणारा तो आधार आहे, आणि बसला की बोटं आपोआप मागे पडतात. बंदी घातली तर मोजणं थांबत नाही. मूल जिभेने टाळूवर मोजतं, पायाच्या बोटांवर मोजतं, आणि वर पकडले जाऊ ही भीती. आठ आणि पाच मनात धरायला जी जागा लागते, तीच भीतीने भरून जाते. येतं तेही मग आठवत नाही.

आजींना आत बोलावून विचारलं, "पुढची एकादशी किती दिवसांवर?" त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत हिशेब केला. चार बोटांची तीन-तीन पेरं, एका हातावर बारा. चिमणी डोळे मोठे करून बघत होती. आजीला कुणी रागावलं नाही, हे तिने नीट पाहून घेतलं.

घरी काय करायचं ते थोडंच सांगितलं. तासभर नाही, पंधरा मिनिटं, तीही जेवणाआधी. हात पाटावर. सुरुवातीला वहीच नाही, फक्त दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी. अडतीस म्हणजे तीन नोटा आणि आठ नाणी, पंचवीस म्हणजे दोन नोटा, पाच नाणी. सुटे तेरा झाले की त्यातले दहा आईला द्यायचे आणि एक नोट घ्यायची. ती नोट चिमणीने खरोखरच हातात धरायची, तोच हातचा. वजाबाकीत उलटं. बेचाळीसमधून सतरा द्यायचे आणि सुटे दोनच असतील, तर एक नोट मोडायची, बारा सुटे झाले. 'मोड' हा शब्द मुलांनी दुकानात ऐकलेला असतो, त्यामुळे वजाबाकीची ही पायरी त्यांना परकी वाटत नाही. आणि दहाच्या जोड्या: सात-तीन, सहा-चार, आठ-दोन. पोळ्या मोजताना, जिना चढताना, कुठेही. आठला दोन देऊन दहा केले की पाचातले तीन उरतात आणि तेरा होतात. हे जमलं की एक-एक करून मोजावंच लागत नाही.

पाढे पाठ करावेत का, हे आईने विचारलंच. करावेत. पण चहाच्या चार कपांना दोन-दोन चमचे साखर घातली की 'बे चोक आठ' होतात, हे एकदा तरी करून दाखवल्यावर.

डोक्यातल्या दोषाचं उत्तरही मला द्यायचं होतं. गणिताची अध्ययन अक्षमता खरी असते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. दोन ढिगांतला मोठा कोणता हे सांगता न येणं, तीन-चार वस्तूही दर वेळी मोजाव्या लागणं, महिनोन् महिने नीट शिकवूनही पाच-सहामध्ये अडकणं, असं असेल तर आठ वर्षांच्या पुढे तज्ज्ञांकडून चाचणी जरूर करून घ्यावी, त्याआधी डोळे आणि कान तपासून. चिमणीत यातलं काही दिसलं नाही.

पहिला महिना अवघड गेला. एका रात्री आई पुन्हा ओरडली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फोन करून ते सांगितलं. त्या आठवड्यात मी गणित पूर्ण बंद ठेवायला लावलं. चौथ्या महिन्यात पोटदुखी गेली होती. हातच्याच्या बेरजा जमत होत्या, तीन अंकी वजाबाकीत दोनदा नोट मोडायची वेळ आली की अजूनही गडबड व्हायची. मोठ्या बेरजांना बोटं लागतात, छोट्यांना नाही.

शेवटच्या भेटीत चिमणीने विचारलं, "एकोणपन्नास म्हणतात, एकोणसाठ म्हणतात, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मला याचं उत्तर देता आलं नाही. आई म्हणाली, "सोमवारी तुझ्या बाईंना विचारू या," आणि चिमणीने तो प्रश्न विसरू नये म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. 99, बरोबर.