क्ष ला पाठवायचं कुठे?

प्रश्न: एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परिमेय गुणकांच्या पॉलिनॉमियल रिंगचा (बहुपदींचा संच, ज्यात बेरीज-गुणाकार चालतात) एक क्वोशंट क्ष²−२ ने घेतला, म्हणजे क्ष²−२ ला शून्य मानलं, दुसरा क्ष²−३ ने. दोन्हीकडे प्रत्येक घटक अ+ब·क्ष असाच दिसतो, म्हणून मी क्ष ला क्ष वर पाठवलं आणि दोन्ही रिंग आयसोमॉर्फिक (बेरीज-गुणाकारासकट रचनेने सारख्याच) आहेत असं लिहून मोकळा झालो. मार्क शून्य. चुकलं कुठे?

उत्तर: शून्य जरा जास्तच झालं, कारण अर्धं तुमचं बरोबर आहे. बेरजेपुरतं बघितलं, म्हणजे व्हेक्टर स्पेस म्हणून, तर दोन्ही सारख्याच, डायमेन्शन २. घोळ आहे तो गुणाकारात. पहिलीत क्ष चा वर्ग २, दुसरीत ३, म्हणजे तुमचा मॅप २ ला उचलून ३ वर ठेवतोय, आणि रिंग आयसोमॉर्फिझममध्ये १ जातो १ वरच, मग १+१ पण जागचा हलत नाही.

बरं, क्ष वर नको तर दुसरीकडे कुठे पाठवू असं म्हणाल, तर खुशाल पाठवा, फक्त जिथे पाठवाल त्याचा वर्ग २ आला पाहिजे. समजा अ+ब·क्ष वर पाठवला. वर्ग येतो अ²+३ब²+२अब·क्ष, तो २ व्हायचा तर अब शून्य हवं. ब शून्य धरला तर अ²=२, अ शून्य धरला तर ३ब²=२, आणि परिमेय संख्यांत दोन्ही जमत नाही. संपलं, आयसोमॉर्फिझम नाहीच. गंमत म्हणजे गुणक वास्तव घेतले की हेच ३ब²=२ सुटतं, ब=√(२/३), आणि त्याच दोन रिंग आयसोमॉर्फिक होतात! (तिथे त्या फील्ड, म्हणजे शून्य सोडून कुठल्याही घटकाने भागता येईल अशा रिंग, राहत नाहीत, ते वेगळं.)

उलट फसगतही होते. गुणक मॉड ३ घ्या, म्हणजे फक्त ०, १, २ आणि ३ म्हणजे शून्य, एक क्वोशंट क्ष²+क्ष+२ ने आणि दुसरा क्ष²+१ ने. दिसायला काही संबंध नाही, पण पहिलीतला क्ष दुसरीतल्या १+क्ष वर पाठवून बघा. दुसरीत क्ष²=−१, म्हणून (१+क्ष)² होतो २क्ष, त्यात १+क्ष आणि २ मिळवा, ३+३क्ष, म्हणजे शून्य. मॅप बसला. पहिली रिंग फील्ड आहे म्हणून तो वन-वन (दोन घटक एकाच जागी जात नाहीत), आणि दोन्हीकडे घटक ९-९ च, त्यामुळे ऑन्टू (दुसरीतला एकही घटक सुटत नाही) हे वेगळं दाखवत बसायची गरज नाही.