विदर्भाची टीम खरंच भारी आहे, की जामठ्याची पिच?

तुम्ही विचारलंय : नोकरीसाठी नागपुरात आलो, इथे जो तो विदर्भाच्या रणजी टीमचं कौतुक करतो. ती खरंच तेवढी चांगली आहे, की घरच्या पिचवर जिंकते? आणि एखादी मॅच बघायला गेलो तर नेमकं काय बघायचं?

आधी पिचचं बघू. जामठा म्हणजे नागपूरबाहेरचं विदर्भाचं घरचं मैदान. हा टोमणा निम्मा खरा आहे. 2017-18चा पहिला रणजी करंडक विदर्भाने घरापासून लांब जिंकला. उपांत्यपूर्व सामना सुरतला, उपांत्य कोलकात्याला, अंतिम इंदूरला. कोलकात्यात कर्नाटकला अवघ्या 5 धावांनी हरवलं, तेव्हा दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीने 68 धावांत 7 बळी घेतले होते. इंदूरला दिल्लीविरुद्ध त्यानेच हॅटट्रिक केली. कोलकात्याचं ईडन आणि इंदूरचं होळकर, दोन्ही मैदानांवर मॅच काढली ती वेगवान गोलंदाजाने. फैज फझलच्या त्या टीमला जामठ्याचा टोमणा लागूच पडत नाही. पुढच्या वर्षी केरळला वायनाडमध्ये जाऊन हरवलं, तिथे उमेश यादवचे 12 बळी. मग जामठ्यात सौराष्ट्रावर 78 धावांनी विजय. त्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने 11 बळी घेतले आणि पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच बाद केलं, 1 आणि 0 वर.

अलीकडचं चित्र वेगळं आहे. 2023-24मध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य दोन्ही सामने नागपुरात जिंकले, मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी वानखेडेवर गेले आणि पहिल्या डावात 105 मध्ये गारद झाले. 2024-25चा करंडक आला तेव्हा बाद फेरीचे तिन्ही सामने नागपुरातच होते. त्यामुळे ‘बाहेर जाऊन मोठा सामना जिंका, मग बोलू’ असं कोणी म्हटलं तर मुकाट ऐकून घ्यावं. फक्त एवढं सांगावं, की त्या मोसमात साखळीतल्या सातपैकी सहा मॅच जिंकून हे गटात पहिले आले होते. घरचं मैदान खैरातीत मिळालेलं नाही.

माझ्या मते ही टीम पिचवर उभी नाही, ती पाच ते आठ नंबरवर उभी आहे. बाकीच्या टीम 50 वर 4 झाल्या की कोसळतात. विदर्भाची खरी बॅटिंग तिथून सुरू होते. मुंबईविरुद्धचा 2025चा उपांत्य सामना घ्या. दुसऱ्या डावात 56 वर 4 गेले होते. यश राठोड आणि कर्णधार अक्षय वाडकरने 158 जोडले, राठोडने 151 केले आणि मुंबईपुढे 406 चं लक्ष्य गेलं. मुंबई 80 धावांनी हरली. राठोडच्या त्या मोसमात 960 धावा आहेत. पाच-सहा नंबरवर येऊन एवढ्या धावा करायच्या म्हणजे बहुतेक वेळा पडझड झाल्यावरच मैदानात उतरायचं. वाडकर तर यष्टिरक्षक. दीडशे षटकं वाकून-उठून झाल्यावर पुन्हा पॅड बांधून उभं राहायचं, हे काम स्कोअरकार्डवर दिसत नाही.

दुसरा खांब हर्ष दुबे. 2024-25मध्ये 69 बळी, एका रणजी मोसमातला विक्रम. आधीचा 68 चा बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर होता. दुबे डावखुरा फिरकीपटू आहे, पण मोठा वळणारा बॉल शोधत बसलात तर निराश व्हाल. असा गोलंदाज उजव्या हाताच्या बॅट्समनला ऑफ स्टंपवर एकसारखा टप्पा टाकत राहतो. चार बॉल थोडे बाहेर वळतात, बॅट्समन त्या वळणासाठी बॅट बाहेर नेतो, आणि पाचवा सरळ येऊन पॅडवर बसतो. काळ्या मातीच्या पिचवर बॉल जसजसा खाली राहायला लागतो, तसा हा सरळ बॉल जास्त जीवघेणा होतो. हाच दुबे खालच्या क्रमांकावर बॅटिंगही करतो. वानखेडेवरच्या त्या अंतिम सामन्यात 538 चा पाठलाग करताना त्याने 65 केले आणि वाडकरबरोबर 130 ची भागीदारी केली. विदर्भ 5 बाद 353 पर्यंत गेला होता. वाडकर 102 वर गेला आणि शेवटचे पाच गडी 15 धावांत संपले.

आता दुखणं. सलामी. केरळविरुद्धच्या 2025च्या अंतिम सामन्यात विदर्भाने सलामीला कोणाला पाठवलं माहीत आहे? पार्थ रेखडेला, म्हणजे डावखुऱ्या फिरकीपटूला. याच रेखडेने उपांत्य सामन्यात एका षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे (आपला हर्ष नव्हे, मुंबईचा शिवम) असे तिघे उडवले होते. गोलंदाज म्हणून पोराचा हात सोन्याचा, पण नव्या बॉलसमोर तो शून्यावर गेला. तिसऱ्या क्रमांकावर दर्शन नळकांडे, तोही मुळात गोलंदाज, 1 वर गेला. 24 वर 3. दुसऱ्या डावात 7 वर 2. दोन्ही वेळा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी सावरलं, एकदा 215 ची भागीदारी, एकदा 182 ची. मालेवार 153 आणि 73, नायर 86 आणि 135. दुसऱ्या डावात नायरचा झेल 31 वर स्लिपमध्ये सुटला. तो पकडला गेला असता तर आज कदाचित वेगळं उत्तर लिहावं लागलं असतं. गोलंदाजांना ढाल म्हणून पुढे करायचं आणि मधल्या फळीला नवा बॉल जुना झाल्यावर आणायचं, हा डावपेच एकदा खपतो. त्याची सवय लागली तर राजेहो, एखाद्या दिवशी 40 वर 6 होतात.

आणि नायर आता नाही. तो 2025-26पासून पुन्हा कर्नाटककडे गेला. 2024-25च्या रणजीतल्या 863 धावा एका माणसासोबत गेल्या. सरवटे त्याआधीच केरळकडे गेला होता. त्याच अंतिम सामन्यात त्याने आपल्याविरुद्ध 79 केले. बघताना पोटात कालवलं, पण खेळला छान. गुरबानी महाराष्ट्राकडे. तरीही ऑक्टोबर 2025मध्ये जामठ्यात शेष भारताला (बाकीच्या टीममधून निवडलेल्या संघाला) 93 धावांनी हरवून इराणी करंडक तिसऱ्यांदा घेतला. त्यात सलामीच्या अथर्व तायडेचे 143 होते. म्हणजे सलामीचा माणूस घरातच आहे, त्याला सलग खेळवा एवढंच म्हणणं.

पांढऱ्या बॉलचं, म्हणजे मर्यादित षटकांचं, थोडक्यात. 2024-25च्या पन्नास षटकांच्या विजय हजारे स्पर्धेत अंतिम सामन्यात कर्नाटककडून 36 धावांनी हरले, 2025-26मध्ये सौराष्ट्राला हरवून पहिल्यांदा जिंकले. तिथेही तायडेच, 128. टी-ट्वेंटीची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा मात्र अजून हाती लागलेली नाही. मधल्या षटकांत डाव सावरून धरायची जी सवय चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये तारते, तीच तिथे नडते. 

बघायला जाण्याआधी गुणांचं गणित समजून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी कंटाळून उठाल. थेट विजयाला 6 गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलं तर आणखी 1. मॅच अनिर्णित राहिली तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि दुसऱ्याला 1. बाद फेरीत (तिथे मॅच पाच दिवसांची) मॅच अनिर्णित राहिली तर आघाडीवाला पुढे जातो. केरळविरुद्ध विदर्भाने 379 केले, केरळ 342. हे 37 धावांचं अंतर म्हणजेच करंडक. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर रेखडेला उंच मारायला गेला आणि झेल देऊन बसला. मॅच तिथे फिरली, पाचव्या दिवशी नव्हे. पाचव्या दिवशी विदर्भ 9 बाद 375 पर्यंत खेळत बसला म्हणून लोकांनी नावं ठेवली. आघाडी खिशात असताना डाव सोडून केरळला संधी कशाला द्यायची?

तेव्हा दुसरी टीम आपला पहिला डाव खेळत असते तो दिवस निवडा, साधारण दुसरा किंवा तिसरा. खेळ साडेनऊला सुरू होतो. दिवसात 90 षटकं ठरलेली असतात आणि 80 षटकांनंतर नवा बॉल मिळतो. पाहुणी टीम आघाडीपासून साठ-सत्तर धावा दूर आहे आणि नवा बॉल चार-पाच षटकांवर आलाय, अशी वेळ गाठली तर पैसे वसूल (रणजीला तिकीट सहसा नसतंच, ती गोष्ट वेगळी). त्या वेळी वाडकर काय करतो ते बघा : दुबेलाच जुन्या बॉलवर चालू ठेवतो की वेगवान गोलंदाज यश ठाकूरला आणतो. बसायची जागा साईटस्क्रीनच्या मागे किंवा तिच्या बाजूला घ्या. बाजूच्या स्टँडमधून बॉल किती खाली राहतोय ते दिसतं, पण तो कुठे वळतोय ते अजिबात कळत नाही.

जाण्यापूर्वी मॅच कुठे आहे ते नक्की बघा. काही मॅच सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर असतात, सीताबर्डीवरून तिथे सहज पोचता. जामठा वर्धा रोडवर शहराबाहेर आहे. मेट्रोने खापरीपर्यंत जा आणि पुढे ऑटो करा. परतीचं ऑटोवाल्याशी जातानाच बोलून ठेवा. संध्याकाळी पाचला रणजीची मॅच संपते तेव्हा स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर ट्रकशिवाय फारसं काही उभं नसतं.