पकडला जायच्या आधी बोलू दे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 2023 मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला गेला. एजंटने 14 लाख घेतले. तिथे पासपोर्ट काढून घेऊन त्याला गाड्या धुवायला लावलं. पळून तो वर्षभर मित्राच्या खोलीवर लपलाय, व्हिसाही संपलाय. इथे एजंटची माणसं आईला दम देऊन गेली, आणि आम्ही घाबरून स्टॅम्प पेपरवर ‘हातउसने घेतले’ असं लिहून दिलं. पुरुष असल्यामुळे भावावर कोणी विश्वास ठेवत नाही. आश्रय मिळेल का? (एक भगिनी, घणसोली)

उत्तर : ताई, या धाटणीची पत्रं हल्ली फार येतात. पुरुष असण्याची काळजी सोडा. ब्रिटनमध्ये मानवी तस्करीचे संशयित बळी म्हणून नोंद होणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात.

घात होईल तो ‘वर्षभर लपलाय’ यात. तिथल्या 2004 च्या कायद्याचं कलम 8 सांगतं की, संधी असूनही इमिग्रेशनच्या अटकेआधी आश्रय मागितला नाही, तर ते अर्जदाराच्या विश्वासार्हतेच्या विरोधात धरायचं. एकदा धाड पडली की खरी हकीकतही बनावट वाटू लागते. त्याने या आठवड्यातच तिथला लीगल एडचा सॉलिसिटर, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणारा वकील, गाठावा. तस्करीचा बळी म्हणून नोंद स्वतःहून करता येत नाही. पोलीस, कौन्सिल किंवा सॅल्व्हेशन आर्मीसारखी मान्य संस्था त्याच्या संमतीने नाव पाठवते.

बळी ठरला म्हणजे आश्रय मिळालाच, असं मात्र नाही. त्यासाठी परतल्यावरचा धोका दाखवावा लागतो, आणि भारत त्यांच्या ‘सुरक्षित देशां’च्या यादीत आहे. निकाल काय लागेल, हे मी इथून छातीठोक सांगणार नाही.

आता तुमचं. एजंटची माणसं दारात येऊन आईला दम देऊन गेली, तरी तुम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढला नाहीत! उलट शंभराच्या स्टॅम्प पेपरवर ‘हातउसने घेतले’ असं लिहून दिलंत. एजंटकडे परवाना आहे का, हे पैसे मोजण्याआधी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर पाहता आलं असतं. असो. तक्रार द्या. प्रकरण 2023 चं, म्हणजे तस्करीला जुनं भादंवि कलम 370 लागावं. ‘भारतात पोलीस आहेत की, मग आश्रय कशाला?’ असं तिथला अधिकारी म्हणेल, पण तक्रारच नसेल तर त्याचं पहिलं बोट त्यावरच पडेल. इथे कोर्टात खटला उभा राहायला किती वर्षं जातील, ते विचारू नका. भावाला सध्या एफआयआरची प्रत पुरे. पोलिसांनी टाळलं तर पोलीस आयुक्तालयाकडे लेखी पाठवा, पोच घ्या.

पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज जपा. तो ‘आपसात मिटवू’ म्हणत असेल, तर आता एकाही कागदावर सही करू नका.