रायडिंग जॅकेट घेताना : आतलं लेबल वाचा, शिवण उलटी करून बघा

दसरा-दिवाळीला घरात नवी बाइक येते, थंडीतल्या सहलींचे बेत ठरतात आणि माझ्याकडे येणारे प्रश्न वाढतात. प्रश्न मात्र दरवर्षी तेच. मी चामड्याचं तंत्रज्ञान शिकले. रायडिंगचे जॅकेट आणि सूट मापाला बसवणं, फाटलेले दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. पडलेल्या माणसाचं जॅकेट टेबलावर आलं की ते कुठे फाटलं आणि कशामुळे, हे स्पष्ट दिसतं. त्याच अनुभवातून यंदा आलेल्या काही प्रश्नांना उत्तरं देते आहे.

प्रश्न : पुण्यातल्या एका दुकानात काळं लेदर जॅकेट आवडलं. किंमत साडेसात हजार. चांगलं जाड आणि वजनदार आहे. दुकानदार म्हणतो, "हंड्रेड पर्सेंट जेन्युइन लेदर, सीई अप्रूव्ह्ड." घेऊ का?

पुढचं सगळं तपासल्याशिवाय घेऊ नका. याच एका वाक्यावर विश्वास ठेवून घेतलेली जॅकेटं माझ्याकडे सर्वांत जास्त येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सीई म्हणजे युरोपीय सुरक्षा नियम पाळल्याची खूण. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : सीई कशाला आहे? बहुतेक वेळा तो खांद्याच्या खिशातून पॅड काढून त्यावरचा शिक्का दाखवेल. पॅडचं प्रमाणपत्र वेगळं आणि जॅकेटचं वेगळं. खांदा, कोपर, गुडघा आणि कंबरेच्या बाजूच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. आदळल्यावर पॅडच्या पलीकडे किती बळ पोचतं, हे त्यात मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंतच. हे चांगलंच आहे, पण घसरत जाताना बाहीच फाटली तर तो पॅड कोपरावर राहणार कसा? कपडा घासला की टिकतो का, शिवण उसवते का, याची परीक्षा ईएन १७०९२ मध्ये होते. हे मानक २०२० चं आहे. जॅकेट त्यात पास झालं असेल तर आतल्या अस्तराला एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, मानकाचा आकडा आणि वर्ग असतो : एएए, एए, ए, बी किंवा सी. बाहेर दोरीने लटकवलेलं चकचकीत कार्ड म्हणजे लेबल नव्हे. ते कोणीही छापून आणतो.

वर्गांचा अर्थ समजून घ्या. कपड्याचा तुकडा यंत्रावर गरगर फिरवून काँक्रीटवर सोडतात आणि थांबेपर्यंत त्याला भोक पडतं का ते बघतात. खांदा, कोपर यांसारख्या सर्वांत जास्त मार खाणाऱ्या भागांसाठी एएए वर्गात हा वेग ताशी १२० किलोमीटरच्या बरोबरीचा असतो, एए मध्ये ७० आणि ए मध्ये ४५. म्हणजे १२० च्या वेगाने पडलात तर काहीच होणार नाही, असं अजिबात नाही. दुभाजक, झाड किंवा समोरून येणारा ट्रक त्या प्रयोगशाळेत नसतो. बी वर्गात घासण्याची परीक्षा होते, पण पॅडची सक्ती नसते. सी म्हणजे पॅड जागेवर धरणारं जाळीचं बनियन. त्यावर दुसरं जॅकेट घालावंच लागतं. तरीही सी वर्गाचं लेबल दाखवून "हे पण सीईच आहे" असं सांगणारे भेटतात. आणि पाठीचा पॅड कुठल्याच वर्गात सक्तीचा नाही. एएए जॅकेटच्या पाठीतही अनेकदा गादीच्या स्पंजसारखा नुसता फोम निघतो. तो काढून त्या जागी ईएन १६२१-२ चा खरा पॅड घाला.

आता "जेन्युइन लेदर". कातडं जाड असतं, ते यंत्रावर थरांत कापतात. वरच्या थरात तंतू घट्ट विणलेले असतात, त्यातच ताकद असते. खालचा थर सैल असतो. त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन, दाणे उठवून तो विकला जातो, आणि तोही चामडं म्हणूनच खपतो. त्याच्याही खाली चुरा चिकटवून केलेला माल आहे. म्हणून "फुल ग्रेन, म्हणजे वरचा अख्खा थर, आहे का" असं विचारा आणि खिशाच्या आत किंवा बाहीच्या टोकाशी कापलेली कड दिसते का ते बघा. लेपाचा थर आणि खालचा केसाळ थर वेगळे दिसले तर जॅकेट परत ठेवा. गाईचं किंवा म्हशीचं चामडं साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर असावं. वजनावर जाऊ नका. जाड अस्तर आणि दोन-चार जादा चेन लावूनही वजन वाढवता येतं.

शेवटी शिवण. चामडं चांगलं असूनही मी उसवलेली जॅकेटंच जास्त पाहते. बाही उलटी करा. खांद्यावर आणि कोपरावर निदान दोन ओळी शिवण हवी, त्यातली एक आत लपलेली. बाहेरून दिसणारा दोरा रस्त्यावर पहिल्याच फटक्यात झिजतो. मागे दुसरी ओळ नसेल तर बाही उघडते. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा घामाने कुजतो. दोन्ही हातांनी शिवण ताणून बघा. टाक्यांमधून उजेड दिसला तर पुढे बोलणं नको.

आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. जॅकेटला असं बंधन नाही, म्हणून कापडाच्या दुकानातलं फॅशनचं जॅकेटही "बायकर जॅकेट" नावाने खपतं. लेबलचा फोटो काढा, तो कंपनीला पाठवून प्रमाणपत्राची प्रत मागा आणि एखाद्या जाणत्या कारागिराला जॅकेट दाखवा. दुकानदार फोटो काढू देत नसेल तर तिथून निघा.

प्रश्न : खरं लेदर जळत नाही, म्हणून लायटर लावून बघावं असं ग्रुपवर वाचलं. बरोबर आहे का?

नाही. चामडंही जळतं, आणि लेप दिलेला खालचा थरही त्या परीक्षेत फसवून जातो. जॅकेट मात्र तुमचं खराब होतं.

प्रश्न : मी अकोल्यात राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर जातो. लेदर घालणं शक्य आहे का? मित्र म्हणतात, टी-शर्टवरच जावं.

टी-शर्टचं मित्रांचं म्हणणं सोडून द्या. सुती कापड रस्त्यावर क्षणभरही टिकत नाही.

पण शहरातल्या शहरात, सिग्नलला थांबत-थांबत जाताना मे महिन्यात चामडं घाला, असं मीही सांगणार नाही. बारीक छिद्रांचं चामडं गाडी चालती असताना वारं घेतं, थांबली की नाही. रोजच्यासाठी एए वर्गाचं जाळीचं कापडी जॅकेट घ्या. खुंटीला टांगलेल्या एएए पेक्षा अंगावरचं एए कधीही चांगलं. लांब जायचं असेल तर पहाटे निघा, अकराच्या आत सावलीत थांबा, आतला बनियन भिजवून घाला. हवा अंगापेक्षा गरम झाली की जाळीतून घुसणारा वारा घाम भराभर उडवतो. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या.

तुमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पॅडवर "टी+" अशी खूण आहे का बघा. तो पॅड ४० अंशांनाही तपासलेला असतो. ही तपासणी ऐच्छिक आहे, म्हणून सगळे करत नाहीत, आणि गरम झालेला मऊ पॅड मार कमी शोषतो. जॅकेट उन्हात टाकीवर ठेवू नका. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर उन्हाळ्यातल्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : रत्नागिरीला घर आहे. पावसाळ्यात कपाटातल्या लेदर सूटवर पांढरी बुरशी येते. आई म्हणते, खोबरेल तेल लाव.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण खोबरेल लावू नका. चामड्यात गरजेपेक्षा जास्त तेल मुरलं की ते सैल पडतं, टाक्यांच्या भोकांशी ताणतं. शिवाय तेल खवट होतं आणि चिकट पृष्ठभागावर धूळ बसते.

सूट घराबाहेर न्या, तोंडावर मास्क लावा आणि कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटका. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात पुसून बघा. रंग उतरला नाही तर सगळीकडे पुसा. सावलीत, पंख्याखाली, रुंद खांद्याच्या हँगरवर वाळवा. हेअर ड्रायर, इस्त्री, चूल, ऊन यातलं काहीही नको. मग चामड्यासाठीचं कंडिशनर अगदी थोडं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याऐवजी सुती चादरीत गुंडाळा आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा बाहेर काढा. घडी घातल्यावर पृष्ठभागावर भेगा दिसल्या, किंवा काळे डाग आतपर्यंत गेलेले असले, तर सूट घालण्याआधी कारागिराला दाखवा.

प्रश्न : मी ५ फूट १ इंच उंचीची आहे. नाशिकमध्ये दुकानदार "पुरुषांचं स्मॉल घ्या, तेच असतं" म्हणतात. चालेल का?

ताई, चालणार नाही. ते तेच नसतं. खांदे रुंद राहतात, बाही लांब होते आणि कोपराचा पॅड मनगटाकडे सरकतो. मग तो हाडाच्या जागी नसतोच. छातीला घट्ट म्हणून मोठं घेतलं की बाकी सगळं सैल पडतं.

आरशासमोर उभं राहून माप ठरवू नका. जॅकेट घालून आपल्याच बाइकवर बसा, हँडल धरा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यायला हवी, पाठ उघडी पडता कामा नये. मग कोपराचा पॅड मुठीत धरून फिरवा. तो हाडाभोवती फिरला तर माप चुकलं. उभं राहिल्यावर जॅकेट थोडं आखूड आणि पुढे ओढल्यासारखं वाटेल, ते योग्यच आहे. नवं चामडं घट्ट असावं, वापरून ते अंगाला बसतं. पण बोटांना मुंग्या येत असतील किंवा श्वास अडत असेल, तर ते लहानच आहे. महिलांच्या मापात काही मिळालं नाही तर मापाने शिवून घ्या. शिवणाऱ्याने आधी रायडिंगचे कपडे शिवलेत का, ते विचारा आणि जुनं काम बघायला मागा.

प्रश्न : गेल्या वर्षी ताम्हिणीत घसरलो. उजव्या खांद्याची शिवण थोडी उसवली आहे. कोपऱ्यावरच्या मोचीकडून शिवून घ्यायचंय, पण वेळच मिळत नाही. तोपर्यंत तेच वापरतोय. काही हरकत?

हरकत आहे, आणि वर्षभर आहे. उसवलेली शिवण पुढच्या वेळी तिथूनच उघडेल, आणि तुम्ही पुन्हा उजव्या बाजूला पडणार नाही, याची हमी कोणी दिली? हे जॅकेट आजपासून घालू नका.

चपलेचं काम उत्तम करणारा माणूस हे काम करेलच असं नाही. जवळजवळ टोचलेल्या टाक्यांनी चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं होतं, ओढलं की त्याच रेषेवर फाटतं. शिवाय खांद्यावर चामडं घासून किती पातळ झालंय, हे अस्तर उघडल्याशिवाय कळत नाही. पातळ झालेला भाग शिवायचा नसतो, तो अख्खा तुकडा बदलतात. ज्या पॅडवर आपटलात तोही बाहेर काढा. चीर, खळगा किंवा कडकपणा दिसला तर बदला. शंका असली तरी बदला. पॅड जॅकेटच्या मानाने स्वस्त असतो. आणि त्या वेळी खांद्याचा एक्स-रे काढला नसेल, हात वर करताना अजून दुखत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : ग्लोव्हज कसे ओळखावेत?

मनगटाला पट्टा आवळा आणि दुसऱ्याला बोटांकडून ओढायला सांगा. निघाला तर घेऊ नका. तळव्याच्या बुडाशी, पडल्यावर रस्त्यावरून सरकत जाईल असा कडक तुकडा आणि आत ईएन १३५९४ चं लेबल बघा.

प्रश्न : मिलिटरी बूट चालतील ना?

चालण्यासाठी चालतील. आडवा दाब सहन करणारा तळ हवा असेल तर ईएन १३६३४ चे बूट घ्या, आणि घोट्याला पॅड आहे का तेही बघा.

प्रश्न : लेदर पँट घातल्यावर मांड्यांवर लाल चट्टे येतात, खाजतं.

घालणं थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, जाताना पँटही न्या. घामोळं असेल किंवा चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमची अ‍ॅलर्जी असेल. ते तपासणीशिवाय मी सांगू शकत नाही, आणि औषध दुकानातला माणूसही सांगू शकत नाही.

प्रश्न : मुलाला बाइक घेतली. बजेट थोडं आहे. जॅकेट आधी की हेल्मेट?

हेल्मेट. मग ग्लोव्हज, मग जॅकेट. पैसे जमेपर्यंत बाइक घरी ठेवली तरी चालेल.

प्रश्न : आम्ही चौघे जूनमध्ये लडाखला जाणार आहोत. मे अखेरीस ऑनलाइन सेल लागतो, तेव्हा लेदर सूट घेतला तर निम्मे पैसे वाचतील. थांबू का?

थांबू नका. ऑनलाइन आलेलं माप चुकलं तर बदलून येईपर्यंत तुमची निघायची तारीख उलटेल, आणि मग चुकीच्या मापाचंच घालून निघाल. नवं चामडं अंगाला बसायला काही आठवडे रोज वापरावं लागतं. कडक सूट घालून दिवसाला आठ-दहा तास बसलात तर तिसऱ्या दिवशी खांदे आणि गुडघे बोलायला लागतील. सेलच्या निम्म्या किमतीआधीची किंमत खरी होती का, हेही तपासा. बऱ्याचदा ती सेलपुरती वाढवलेली असते.

तिकडे थंडी आणि ओढ्यांचं पाणी आहे. चामडं पाणी अडवत नाही, भिजलं की जड होतं आणि अंग गार पडतं. सूटवरून चढेल असा मोठ्या मापाचा रेनकोट बरोबर घ्या आणि आत उबदार थर घालायला जागा राहते का, ते सूट घेतानाच बघा. चौघांपैकी कोणी आजवर चामडं वापरलं नसेल, तर त्याच्यासाठी पाणी अडवणारा थर असलेला एए वर्गाचा कापडी सूट मी आधी सुचवेन. कोणाला दमा किंवा हृदयविकार असेल तर उंचीबद्दल डॉक्टरांचा सल्ला आताच घ्या, मेमध्ये नको. आणि या शनिवारी चौघेही आपापल्या बाइक घेऊन दुकानात जा, म्हणजे सूट घालून लगेच हँडल धरून बघता येईल.