वाचकांचे प्रश्न : रॅम्पवर सायकल का अडखळते?

प्रश्न : संगणकावरील एका बीएमएक्स गेमसाठी मी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे स्केटपार्क तयार केले आहे. गेम युनिटी इंजिनवर चालतो. पार्क दिसायला सुबक आहे. परंतु क्वार्टर पाइप (पाव वर्तुळासारखा वर वळत जाणारा रॅम्प) चढताना सायकल अडखळते, भलतीकडे फेकली जाते आणि क्वचित भिंतीच्या आरपारही जाते. गेमच्या मूळ लेव्हलमध्ये असे होत नाही. दोष कोठे असावा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष कोलायडरमध्ये, म्हणजे टक्कर ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अदृश्य आकारात, असावा. पडद्यावर दिसणारा रॅम्प आणि चाक ज्यावर टेकते तो अदृश्य आकार, या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. स्मूथ शेडिंगमुळे (कडा नजरेला मऊ दाखवणाऱ्या छटांमुळे) पहिला गुळगुळीत भासतो, पण दुसरा जसा घडवला तसाच, कंगोऱ्यांसह, चाकाला लागतो. दोन मीटर त्रिज्येचा क्वार्टर पाइप आठ तुकड्यांत केला असेल, तर प्रत्येक सांध्यावर सव्वा अकरा अंशांची मोड येते आणि वेगात आलेल्या चाकाला ती ठेचेसारखी लागते. तेच वळण 32 तुकड्यांत केल्यास मोड तीन अंशांहून कमी होते. मात्र ही बारकाई केवळ वळणांपुरती ठेवावी. सपाट जमिनीला तिची गरज नसते, आणि कठड्यांना साधे बॉक्स किंवा कॅप्सूल कोलायडर पुरतात.

आरपार जाण्याचे कारण वेगळे आहे. युनिटीमध्ये भौतिक हालचालींची गणना मुळात दर 0.02 सेकंदाला होते. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारी सायकल तेवढ्या वेळात 20 सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून कागदासारखी पातळ भिंत दोन गणनांच्या मधे निसटू शकते. भिंतीला भरपूर जाडी द्यावी. मेश कोलायडरची, म्हणजे मॉडेलच्या जाळीवरूनच बनलेल्या कोलायडरची, पृष्ठे एकाच बाजूने अडवतात, तेव्हा ब्लेंडरमध्ये नॉर्मल (पृष्ठाचे तोंड कोणीकडे आहे हे दाखवणाऱ्या रेषा) बाहेरच्या दिशेने आहेत ना, हेही पाहावे.

मोजमापही तपासावे. युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर, आणि बीएमएक्सचे 20 इंची चाक साधारण अर्ध्या मीटर व्यासाचे असते. तेवढे वर्तुळ रॅम्पशेजारी ठेवल्यास प्रमाण चुकले असल्यास लगेच लक्षात येते. ब्लेंडरमधून फाइल काढण्यापूर्वी स्केल अप्लाय करण्यास, म्हणजे बदललेले माप वस्तूत कायम करण्यास, विसरू नये.

टेक्स्चर आणि प्रकाशयोजना तूर्त बाजूला ठेवून राखाडी, कोऱ्या पार्कमध्येच सायकल चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. एका वेळी एकच रॅम्प दुरुस्त करून लगेच तपासला, तर नेमका कोणता सांधा सायकल उडवतो ते समजते.