महागड्या बर्बनची पारख करताना वयाचा आकडा झाकून ठेवावा

सुमारे दीड लाख रुपयांची, लेबलावर वीस वर्षांहून अधिक वय छापलेली बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून गाळलेली अमेरिकन व्हिस्की, कशी चाखावी आणि ती त्या किमतीला साजेशी आहे की नाही हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा, वाद चार वर्षे चालू आहे.

मी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिलला राहतो, दाजी शिकागोला. त्यांच्या साठीच्या समारंभासाठी त्यांनी अशीच एक जुनी बर्बन पुनर्विक्री करणाऱ्याकडून अठराशे डॉलरना घेतली होती. सर्वांनी वाहवा केली; मला विचारले तेव्हा मी म्हणालो की, यात लाकडाने धान्याला गिळून टाकले आहे. दाजींनी भरल्या घरात उत्तर दिले, "तुझी जीभ अजून तयार झालेली नाही." ते वाक्य मला फार लागले आणि आजही लागते.

दाजींची सगळी घडण स्कॉचवर झालेली आहे आणि चूक तिथेच होते. स्कॉच बहुधा आधी वापरलेल्या, पुष्कळदा बर्बनच्याच, पिंपांत मुरते. बर्बन मात्र कायद्यानेच आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्ये ठेवावी लागते. कोरे लाकूड व्हॅनिला, कॅरॅमल आणि रंग झपाट्याने देते, पण तुरटपणाही तितक्याच जोमाने देते. केंटकीचा उन्हाळा कडक असल्यामुळे मद्य लाकडात खोलवर शिरते आणि वीस वर्षांत पिंपातला निम्म्याहून अधिक ऐवज उडून जाऊ शकतो. उरलेले मद्य दुर्मिळ असते, म्हणून ते महाग असते. अठरा वर्षांच्या स्कॉचचा हिशेब बर्बनला लावणे म्हणजे एकाच मापाने दोन निराळी धान्ये मोजणे होय. गडद रंगालाही भुलू नये. बर्बनमध्ये रंग मिसळायला परवानगी नाही, त्यामुळे तो रंग पिंपाची साक्ष देतो, गुणवत्तेची नव्हे.

दोन वर्षांनी दाजी आमच्याकडे आले तेव्हा उरलेली अर्धी बाटली बरोबर घेऊन आले. मी चार सारखे, तोंडाशी निमुळते ग्लास मांडले. मद्याला न शिवणाऱ्या ताईने स्वयंपाकघरात ते भरून तळाशी आकडे चिकटवले. एकात दाजींची बर्बन होती, एकात बारा वर्षांची, एकात मक्याच्या जोडीला राय या धान्याऐवजी गहू वापरलेली आणि एकात तीस डॉलरची 'बॉटल्ड इन बाँड', म्हणजे १८९७ च्या कायद्याप्रमाणे एकाच डिस्टिलरीत एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षे मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलवर भरलेली. दाजींनी तीस डॉलरच्या बाटलीला पहिला क्रमांक दिला आणि स्वतःच्या बाटलीला तिसरा. आकडे उलटून पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपणही असेच करावे. पंधरा-वीस मिलिलिटर ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा आणि पहिल्या घोटावरून मत बनवू नये, कारण तो केवळ जिभेची तयारी करतो. दुसऱ्या घोटात मक्याचा गोडवा, काकवी, चिक्की, जायफळ असे काही एकामागून एक उलगडते का ते पाहावे. मग पाण्याचे चार थेंब टाकून पुन्हा चाखावे. शेवटी सुपारीसारखा तुरटपणा किंवा फार उकळलेल्या चहाचा कडवटपणाच उरत असेल, तर वय कितीही असो, ती पिंपात गरजेपेक्षा अधिक राहिली असे मी निःसंकोच म्हणेन. बर्फ पहिल्या दिवशी अजिबात नको.

किमतीबद्दल इतकेच सांगतो की, दीड लाखांतला मोठा वाटा टंचाईचा असतो आणि टंचाई जिभेला कळत नाही. तुलनेसाठी शेजारी एखादी साधी, चांगली बर्बन ठेवली नाही, तर आपण किंमतच चाखत बसाल.

एक गोष्ट मात्र लपवणे योग्य होणार नाही: त्या दिवशी मी स्वतः दाजींच्या बाटलीला दुसरा क्रमांक दिला होता. साठीच्या दिवशी जाणवलेला तुरटपणा मला तितका जाणवला नाही. दाजींचे म्हणणे असे की, दोन वर्षे अर्धी रिकामी राहिल्याने हवेने तिची चव उतरली होती, म्हणून ती परीक्षाच ग्राह्य नाही. आणि हवेने चव बदलते हे खरे आहे. म्हणून आपली बाटली निम्मी झाली की उरलेली बर्बन लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी. आम्ही तसे केले असते, तर दाजींना हा आक्षेप घेता आला नसता.