वॉरंट निघते, बजावणार कोण?

प्रश्न : हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ज्यांच्यावर अटक वॉरंट काढले, ते राष्ट्रप्रमुख राजरोस परदेश दौरे करतात. ज्याची अंमलबजावणीच होत नाही, त्याला कायदा कसे म्हणावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हे न्यायालय राष्ट्रांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालवते. परंतु आरोपी सत्तेवर असेल तर त्याच्यामागे संपूर्ण राज्ययंत्रणा उभी असते आणि न्यायालयापाशी स्वतःचा एक शिपाईही नसतो.

सुदानचे उदाहरण घ्यावे. सुदान या न्यायालयाचा सदस्य नसतानाही संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये त्या देशातील दार्फुर प्रांतातल्या अत्याचारांचे प्रकरण न्यायालयाकडे सोपवले, मात्र त्याच ठरावात सदस्य नसलेल्या इतर राष्ट्रांना सहकार्याची केवळ विनंती केली. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर वॉरंट निघाले. जून २०१५ मध्ये ते जोहान्सबर्गच्या परिषदेला आले असता त्यांना देश सोडू देऊ नये, असा आदेश प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने दिला. तरीही सुनावणी चालू असतानाच त्यांचे विमान लष्करी तळावरून उडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दिल्लीलाही येऊन गेले. भारत सदस्य नसल्याने त्यांना अटक करण्याचे करारबंधन आपल्यावर नव्हते, हे खरे. पण पाहुणचारात कसर राहिली नाही.

तरीही याला कायदाच म्हणू नये, हे मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेने न्यायालयाचा करार स्वतःच्या कायद्यात उतरवलेला होता, म्हणून तिथल्याच सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१६ मध्ये आपल्या सरकारचे वर्तन बेकायदा ठरवले. शिवाय वॉरंटला मुदत नसते. घरचे राजकारण फिरले की ते अंगाशी येते. फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये मनिलात पकडून हेगला धाडले, ते त्यांचे सत्ताधाऱ्यांशी बिनसल्यावरच. बशीर यांची सत्ता मात्र २०१९ मध्ये लष्करानेच उलथवली, तरी त्यांना हेगच्या स्वाधीन केले गेले नाही.

बड्या राष्ट्रांपुढे तर हा आधारही लंगडा पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये, वॉरंट निघालेले असतानाही, रशियाचे अध्यक्ष पुतिन सदस्यराष्ट्र मंगोलियात गेले, तेथे त्यांना मानवंदना मिळाली. मंगोलियाने कर्तव्यभंग केल्याचा निर्णय न्यायालयाने पुढच्याच महिन्यात दिला आणि प्रकरण सदस्यराष्ट्रांच्या सभेकडे पाठवले. या सभेच्या हातीही अटकेची सक्ती करण्याचे साधन नाही.